टाइमिंग चेन : इंजिनाचे वेळापत्रक सांभाळणारी साखळी



शाळेच्या मागच्या आवारात पाण्याच्या टाकीशेजारी उभी असलेली पांढरी अँबॅसडर आपण सर्वांनी पाहिली आहे. १९८० च्या दशकातली ही मार्क ४ गाडी एका माजी विद्यार्थ्याच्या कुटुंबाने शाळेला भेट दिली. या सत्रात लागोपाठ तीन शनिवारी नववीच्या बारा विद्यार्थ्यांनी, त्यात पाच मुली होत्या, या गाडीची झिजलेली टाइमिंग चेन बदलण्याचे काम पाहिले आणि जमेल तेथे स्वतःचे हातही काळे केले. काम अर्थातच शहरातल्या एका जुन्या, अनुभवी मिस्त्रींनी केले. मुले त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात.

त्यानंतर काही पालकांनी विचारले की बोर्डाच्या परीक्षेला एकच वर्ष उरले असताना मुलांना ग्रीसमध्ये हात घालायला लावण्यात काय अर्थ आहे. एका विश्वस्तांनी विचारले की जुन्या गाडीवर खर्च करण्यापेक्षा ती सरळ भंगारात का देऊ नये. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु उत्तर देण्याआधी हे काम नेमके काय होते ते सर्वांना नीट कळावे, असे मला वाटते. म्हणून हा लेख.

गाडी आणि तिचे इंजिन

अँबॅसडर ही मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ या गाडीची भारतीय आवृत्ती. हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ती पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा येथे बनवत असे. मे २०१४ मध्ये हे उत्पादन थांबले. बरीच वर्षे या गाडीत १४८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन येत असे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने तयार केलेल्या ‘बी-सिरीज’ या घराण्यातले हे इंजिन. याच घराण्यातले १७९८ सीसीचे इंजिन एम.जी.बी. या प्रसिद्ध इंग्लिश स्पोर्ट्स गाडीत होते. त्यामुळे आज इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांचे शौकीन जे काम आपल्या गॅरेजमध्ये करतात, जवळजवळ तेच काम आपल्या मिस्त्रीकाकांनी इंदूरमध्ये केले. पुढे अँबॅसडरला इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन मिळू लागले आणि ते आपल्या शेजारच्या पीथमपूरला बनत असे, ही गोष्ट आपल्या मुलांपैकी फार थोड्यांना माहीत होती. आपली गाडी मात्र जुन्या १४८९ सीसीच्या इंजिनाची आहे.

चेनचे काम काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. त्याच्या चार फेऱ्यांत चार कामे होतात. पहिल्या फेरीत हवा-पेट्रोलचे मिश्रण आत येते, दुसऱ्या फेरीत ते दाबले जाते, तिसऱ्या फेरीत ठिणगी पडून ते जळते व पिस्टनला खाली ढकलते, आणि चौथ्या फेरीत जळलेला धूर बाहेर जातो. पिस्टनच्या खाली क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन एकदा खाली किंवा एकदा वर गेला की क्रँकशाफ्टचा अर्धा फेरा होतो. म्हणजे चार कामे पूर्ण व्हायला क्रँकशाफ्टचे दोन पूर्ण फेरे लागतात.

मिश्रण आत घेण्यासाठी एक झडप आणि धूर बाहेर सोडण्यासाठी दुसरी झडप असते. यांना आपण वॉल्व म्हणतो. दोन फेऱ्यांत प्रत्येक वॉल्व एकदाच उघडायला हवा. वॉल्व उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. म्हणून क्रँकशाफ्ट दोनदा फिरेल तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरला पाहिजे. यासाठी क्रँकशाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चाक आणि कॅमशाफ्टच्या टोकाला त्याच्या दुप्पट दात्यांचे मोठे चाक बसवलेले असते. दोघांना जोडणारी साखळी म्हणजे टाइमिंग चेन.

मी स्वतः हिंदी माध्यमातून शिकले. पाठ्यपुस्तकात या चाकाला ‘दंतचक्र’ म्हटलेले असते आणि मिस्त्रीकाका त्याला ‘गरारी’ म्हणतात. मुलांनी वहीत दोन्ही शब्द लिहून घेतले. या लेखात मी गरारी हाच शब्द वापरते, कारण बाजारात तो मागितला की वस्तू लगेच हातात मिळते.

शाळेच्या भाषेत सांगायचे तर चेन म्हणजे इंजिनाचे वेळापत्रक. गणिताचा तास संपायच्या आत मराठीच्या बाई वर्गात आल्या तर दोन्ही तास बिघडतात. तसेच वॉल्व वेळेआधी किंवा उशिरा उघडला तर आत येणारे मिश्रण आणि बाहेर जाणारा धूर, दोघांचेही काम बिघडते. ताशी वेग फार नसतानाही हे इंजिन मिनिटाला सहज ३००० फेरे घेते. म्हणजे क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक वॉल्व सेकंदाला २५ वेळा उघडून बंद होतो. एवढ्या घाईत वेळ चुकू न देण्याची जबाबदारी या एका साखळीवर आहे.

साखळी ताणली जाते की झिजते?

गॅरेजमध्ये ‘चेन ताणली गेली’ किंवा ‘चेन लांब झाली’ असे म्हणतात. चेन खरोखरच लांब होते, पण ती रबरासारखी ताणली जात नाही. ही गोष्ट मुलांना सर्वांत जास्त आवडली, म्हणून थोडी सविस्तर सांगते.

चेन अनेक कड्यांची असते. दोन कड्या जेथे जोडल्या जातात तेथे एक पिन असते आणि पिनीभोवती पोकळ बुश असते. आज आपण सायकलीपासून कारखान्यांपर्यंत जी बुश आणि रोलर असलेली चेन वापरतो, ती हान्स रेनॉल्ड या मूळ स्वित्झर्लंडच्या कारागिराने १८८० मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर येथे तयार केली. चेन गरारीवर चढताना सांधा वाकतो, उतरताना सरळ होतो. दर वेळी पिन बुशमध्ये किंचित घासते. कडीची पट्टी ताणली जात नाही. पिन बारीक होते, बुशचे भोक मोठे होते आणि प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते.

आता हिशेब करू. समजा, चेनला ५२ कड्या आहेत, दोन पिनींतले अंतर ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिलिमीटर आहे, लहान गरारीला २० दाते आणि मोठीला ४० दाते आहेत. क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात चेन २० कड्या पुढे सरकते. म्हणजे चेनची एक प्रदक्षिणा २.६ फेऱ्यांत पूर्ण होते. एका प्रदक्षिणेत प्रत्येक सांधा चार वेळा वाकतो किंवा सरळ होतो, कारण तो दोन्ही गराऱ्यांवर चढतो आणि उतरतो. मिनिटाला ३००० फेरे असतील तर एका तासात एक सांधा सुमारे पावणेतीन लाख वेळा हलतो. आकडा वर्गात फळ्यावर आला तेव्हा मुलांनी तो दोनदा तपासला.

अशा वर्षानुवर्षांच्या घर्षणात प्रत्येक सांध्यात वहीच्या एका पानाच्या जाडीएवढी, म्हणजे ०.१ मिलिमीटर झीज झाली असे धरू. एका सांध्याकडे पाहिले तर ती डोळ्यांना दिसणारही नाही. पण ५२ सांध्यांची बेरीज ५.२ मिलिमीटर होते. चेन अर्धा सेंटिमीटर लांब झाली.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, ज्या बाजूने क्रँकशाफ्ट चेनला ओढतो त्या बाजूच्या सुमारे ११ कड्या मिळून १.१ मिलिमीटर लांब होतात, म्हणून कॅमशाफ्ट तेवढा मागे राहतो. ४० दात्यांच्या गरारीवर हा मागासलेपणा सुमारे १ अंश होतो आणि क्रँकशाफ्टच्या मापाने सुमारे २ अंश. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. दुसरा परिणाम जास्त वाईट. उरलेली लांबी सैल बाजूला जमा होते. तेथे चेन झोळीसारखी लोंबते, फडफडते आणि आतून पत्र्याच्या कव्हरवर आपटते. फारच सैल झाली तर गरारीचा एखादा दाता ओलांडून पुढे उडी मारते. २० दात्यांच्या गरारीवर एक दाता म्हणजे १८ अंश! तेवढी वेळ चुकली की इंजिनाचा जोर जातो किंवा ते सुरूच होत नाही. अनेक इंजिनांत तर अशा वेळी पिस्टन उघड्या वॉल्ववर आदळतो आणि वॉल्व वाकतात.

आजार ओळखायचा कसा?

आपल्या गाडीत तीन लक्षणे होती. गाडी जागेवर चालू असताना इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, पंख्यामागे, खडखड असा आवाज येत होता. चढावर गाडी दमत होती. आणि डेल्को पुन्हा पुन्हा फिरवून टाइमिंग मिळवावे लागत होते.

तिसरे लक्षण समजून घेण्यासारखे आहे. ठिणगी कोणत्या सिलिंडरला कधी द्यायची ते डिस्ट्रिब्यूटर ठरवतो. त्यालाच आपल्याकडे डेल्को म्हणतात. या इंजिनात डेल्को कॅमशाफ्टवरूनच फिरतो. म्हणून चेन झिजली की वॉल्व आणि ठिणगी दोघांनाही उशीर होतो. डेल्को थोडा फिरवला की ठिणगीची वेळ पुन्हा जुळते आणि गाडी बरी वाटू लागते. पण वॉल्वचा उशीर तसाच राहतो. वरवरची दुरुस्ती आणि मुळातली दुरुस्ती यांतला हा फरक आहे.

कव्हर न उघडता खात्री करण्याची एक सोपी रीत मिस्त्रीकाकांनी दाखवली. इंजिन बंद ठेवायचे, डेल्कोचे झाकण काढायचे आणि आतल्या रोटरवर एका मुलाने नजर ठेवायची. दुसऱ्याने क्रँकशाफ्टची पुली पान्याने हळूच एका दिशेला आणि मग उलट दिशेला फिरवायची. चेन चांगली असेल तर पुली हलताच रोटर हलतो. आपल्या गाडीत पुली बरीच उलट फिरल्यावर रोटर जागचा हलला. मधला सगळा वेळ ती फक्त चेनचा ढिलेपणा गोळा करत होती. यात डेल्कोच्या स्वतःच्या दात्यांचा थोडा ढिलेपणाही मिसळतो, म्हणून आवाज आणि ही परीक्षा दोन्ही मिळून निदान करायचे.

काम कसे झाले?

पहिला शनिवार खोलण्यात गेला. सर्वांत आधी बॅटरीची तार काढली. रेडिएटरमधले पाणी सोडले, होजपाइप काढून रेडिएटर बाहेर घेतला, पंख्याचा पट्टा सैल करून उतरवला. मग क्रँकशाफ्टच्या टोकावरचा मोठा नट आला. हँडल मारून गाडी सुरू करताना हँडल याच नटाच्या खाचेत अडकते. नट सुटू नये म्हणून त्याखाली एक वॉशर असतो आणि त्याची कड नटावर दुमडलेली असते. ती आधी छिन्नीने सरळ केली. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला, म्हणजे नट फिरवताना इंजिन फिरत नाही. तरीही नट सुटायला लांब दांड्याचा पाना आणि दोन माणसांचा जोर लागला. मग पुली निघाली, कव्हरचे सगळे बोल्ट निघाले आणि कव्हर उतरले.

येथे मिस्त्रीकाकांनी काम थांबवले. ‘आता कोणी काही काढायचे नाही, आधी पाहा,’ असे त्यांनी सांगितले. मुलांनी वहीत चित्रे काढली. पुलीमागे बशीसारखी एक चकती होती. ती तेल परत आत उडवते, म्हणजे ते पुढच्या सीलवर फार येत नाही. या चकतीची पोकळ बाजू पुढे होती. ती उलटी बसली तर नंतर तेल गळू शकते. लहान गरारीमागे पातळ वॉशर होते. त्यांची संख्या मोजली. हे वॉशर दोन्ही गराऱ्या एका रेषेत ठेवण्यासाठी असतात. बोल्टसुद्धा लांबीप्रमाणे पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यात टोचून ठेवले.

चेन बोटाने दाबली तेव्हा तिची झोळी सर्वांनी पाहिली. सैल बाजू सावरण्यासाठी या घराण्यातल्या अनेक इंजिनांत टेन्शनर असतो. त्याला रबराचे तोंड असते आणि मागून स्प्रिंग व तेलाचा दाब त्याला चेनवर टेकवून ठेवतो. ज्या इंजिनात तो असेल तेथे चेन काढण्यापूर्वी तो मागे घेऊन अडकवावा लागतो. रबरात चेनचे खोल चर पडले असतील तर तोही नवा घ्यावा.

नंतर कॅमशाफ्टचा नट काढून दोन्ही गराऱ्या आणि चेन एकत्रच, थोडी ही बाजू, थोडी ती बाजू असे करत पुढे ओढून काढल्या. एक गरारी आधी आणि दुसरी नंतर अशी निघत नाही, कारण चेन दोघींना बांधून ठेवते. जुनी दुहेरी चेन टेबलावर आडवी धरली तर ती धनुष्यासारखी वाकली. नवी चेन तशीच धरली तर जवळजवळ सरळ राहिली. झीज म्हणजे काय हे यानंतर कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

गराऱ्यासुद्धा बदलल्या. एका विश्वस्तांनी यावर विचारले होते की चेन खराब असताना गराऱ्यांचा खर्च कशासाठी. कारण असे की लांब झालेली चेन गरारीच्या खाचेत खोल बसत नाही, ती दात्याच्या टोकाकडे चढते आणि दाते आकड्यासारखे वाकडे झिजवते. अशा दात्यांवर नवी चेन घातली तर ती लवकरच जुनीसारखी होते.

दोन खुणा समोरासमोर

दुसरा शनिवार सगळ्यांत महत्त्वाचा होता. दोन्ही गराऱ्यांवर कारखान्यातूनच एकेक लहान खूण असते. जोडताना या दोन खुणा एकमेकींच्या बरोबर समोर, दोन्ही शाफ्टच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर आल्या पाहिजेत. पहिला आणि चौथा पिस्टन अगदी वर असेल असा क्रँकशाफ्ट ठेवतात. तेव्हा त्यावरची चाबी बसण्याची खाच सरळ वर असते. कॅमशाफ्टची खाच घड्याळातल्या एकच्या काट्याच्या आसपास ठेवतात. मग टेबलावरच दोन्ही गराऱ्यांत चेन घालून खुणा समोरासमोर आणायच्या आणि तो सगळा संच तसाच उचलून दोन्ही शाफ्टवर सरकवायचा. आधी लहान गरारी चाबीवर, मग कॅमशाफ्ट किंचित फिरवून मोठी गरारी.

गराऱ्या बसल्यावर दोघींच्या दात्यांवर आडवी स्टीलची पट्टी धरून त्या एका रेषेत आहेत का ते पाहिले. कॅमचा नट आवळला आणि त्याच्या वॉशरची कड दुमडली. त्यानंतर हाताने क्रँकशाफ्ट दोन पूर्ण फेरे फिरवला. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या.

एका विद्यार्थिनीने विचारले, ‘एका फेऱ्यानंतर खुणा का भेटल्या नाहीत?’ उत्तर तिनेच शोधले. एका फेऱ्यात मोठी गरारी अर्धीच फिरते, म्हणून तिची खूण विरुद्ध टोकाला जाते. दुसरा फेरा झाला की ती परत येते. गुणोत्तराचा धडा सहावीत शिकवला जातो. तो या मुलीला आता जन्मभर पुन्हा शिकवावा लागणार नाही.

तिसऱ्या शनिवारी कव्हर बसले. जुने पॅकिंग खरवडून साफ केले, तो कचरा आत पडू नये म्हणून खाली कापड धरले. कव्हरमध्ये नवे ऑइल सील बसवले. येथे एक बारकावा आहे. कव्हरचे बोल्ट आधी फक्त हाताने लावायचे, तेल लावलेली पुली सीलमधून आत सरकवायची, म्हणजे सील पुलीभोवती आपोआप मधोमध येते. मगच बोल्ट आवळायचे. आधीच आवळले तर सील एका बाजूला दाबले जाते आणि तेल गळत राहते. नंतर रेडिएटर, पट्टा, पाणी, नवे इंजिन ऑइल आणि शेवटी ठिणगीची वेळ पुन्हा मिळवणे. चेन बदलली म्हणजे डेल्कोची जुनी जागा चुकीची ठरते, कारण ती झिजलेल्या चेनप्रमाणे ठेवलेली होती.

हँडल मिस्त्रीकाकांनीच मारले. मुलांना त्यांनी एवढेच दाखवले की हँडल धरताना अंगठा दांड्याभोवती वळवायचा नाही, बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटते आणि अंगठा मोडत नाही. इंजिन सुरू झाले तेव्हा पुढची खडखड गेली होती. आता टप्पेटची बारीक टिकटिक ऐकू येते. ती आधीही होती, पण चेनच्या आवाजाखाली दबलेली होती.

घरच्या वाहनासाठी

चेनचे आयुष्य सर्वांत जास्त अवलंबून असते ते तेलावर. तेल जुने झाले की त्यात काजळी आणि धातूचा बारीक चुरा साठतो आणि तेच तेल सांध्यात शिरून पॉलिश पेपरसारखे काम करते. तेव्हा तेल आणि फिल्टर ठरलेल्या वेळी बदलणे हा चेन वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. काढलेले तेल मात्र गटारात किंवा झाडाखाली ओतू नये. आपण ते डब्यात भरून पुनर्वापरासाठी दिले.

सर्व गाड्यांत चेन नसते. मारुती ८०० सारख्या गाड्यांत रबरी टाइमिंग बेल्ट होता. बेल्ट बहुधा आवाज करून सूचना देत नाही, म्हणून तो कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरवर किंवा वर्षांवर बदलावाच लागतो. आपल्या गाडीत काय आहे हे मालकाच्या पुस्तिकेत पाहावे.

विद्यार्थ्यांसाठी घरी करण्यासारखा एक प्रयोग. सायकलीच्या चेनमध्ये दोन पिनींतले अंतर अर्धा इंच असते. म्हणून नव्या चेनवर २४ अंतरे मोजली तर बरोबर १२ इंच भरतात. पट्टीची इंचाची बाजू चेनवर धरा, शून्य एका पिनीच्या मध्यावर ठेवा आणि पंचविसावी पिन कोठे येते ते पाहा. ती १२ इंचांच्या १/८ इंच पुढे गेली असेल तर चेन सुमारे एक टक्का झिजली आहे आणि बदलायला हवी. मोजताना चेन ताठ असावी आणि सायकल स्टँडवर स्थिर असावी. मापे वहीत लिहून विज्ञानाच्या सरांना दाखवावीत.

दोन प्रश्नांची उत्तरे

आता सुरुवातीचे प्रश्न. मुलांना मेकॅनिक करायचे आहे का? ज्याला व्हायचे असेल त्याने जरूर व्हावे, त्यात कमीपणा काहीच नाही. पण हेतू तेवढाच नव्हता. गुणोत्तर, अंश, टक्केवारी, घर्षण हे सारे बोर्डाच्या परीक्षेतलेच विषय आहेत. खोलण्याआधी पाहणे, लिहून ठेवणे, क्रम न मोडणे आणि बंद करण्याआधी एकदा फिरवून तपासणे, ही सवय डॉक्टरलाही लागते आणि हिशेबनिसालाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकावे असे सुचवले आहे.

गाडी भंगारात का देऊ नये? ती पुन्हा रस्त्यावर आणायची तर नोंदणीचे नूतनीकरण आणि फिटनेस ही वेगळी कामे आहेत, आणि तसा माझा आग्रहही नाही. माझे म्हणणे एवढेच की ती आपल्या शाळेची प्रयोगशाळा होऊ शकते. हिच्यात प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि पान्याने सुटतो. नव्या गाडीचे बॉनेट उघडले तर मुलांना प्लॅस्टिकचे झाकणच दिसते.

आणखी एक गोष्ट मनात आहे. मिस्त्रीकाकांना हे काम त्यांच्या उस्तादांनी शिकवले. कोठेही लिहिलेले नाही. त्यांची मुले या धंद्यात नाहीत. त्यांच्या वयाचे, या इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्री आता शहरात मोजकेच उरले आहेत. आमच्या बारा मुलांनी तीन शनिवारी जे लिहून काढले ती चाळीस पानांची वही आहे. तीत आकृत्या आहेत, मापे आहेत आणि प्रत्येक भागाचे बाजारातले व पुस्तकातले नाव आहे. मराठीत लिहिलेली अशी वही माझ्या तरी पाहण्यात नव्हती. ती ग्रंथालयात ठेवली आहे, पालकांनी अवश्य चाळावी.

विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की गाडीचा निर्णय घेण्यापूर्वी एकदा ही वही पाहावी, आणि पुढील सत्रापासून महिन्यातून दोन शनिवार अशा कामासाठी द्यावेत. पुढचे काम ब्रेकचे आहे. झालेल्या खर्चाचा हिशेब बिलांसह कार्यालयात ठेवला आहे. जुनी चेन विज्ञान प्रयोगशाळेच्या कपाटात नव्या चेनच्या दोन कड्यांशेजारी टांगली आहे. दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पट्टी लावून पाहावा.

— मुख्याध्यापिका